मी मुळात तशीच, असे तू म्हणालीस म्हणून

डिचोली, गोवा
श्रावण

चि. सिद्धी हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू एक वाक्य बोललीस आणि लगेच मेसच्या जेवणाचा विषय काढलास. ‘मी मुळात हुशार नव्हतेच आई, डिचोलीत ते कळलं नाही एवढंच.’ पपा बातम्या पाहत होते, त्यांच्या कानावर ते गेले नाही. माझ्या गेले. ‘नाही गो बाय, तू हुशारच आहेस’ असे मी त्यावर म्हटले नाही, आणि या पत्रातही म्हणणार नाही. का ते पुढे येईल. घरात आपण कोकणीत बोलतो आणि नीट काही सांगायचे झाले की मराठीत लिहायला बसतो. आजीही असेच करायची, म्हणून हे पत्र. व्हॉट्सअॅपवर मावले नसते.

दर वर्षी अकरावीच्या नव्या वर्गाला मी एक कोरा कागद देते आणि ‘मी’ने सुरू होणारी वीस वाक्ये लिहायला सांगते. ही चाचणी माझी नव्हे. कून आणि मॅकपार्टलंड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी ती १९५४ मध्ये मांडली. पहिली पाच-सहा वाक्ये भराभर उतरतात. मी मये गावची, मी कबड्डी खेळते, मी घरात धाकटी. दहाव्याच्या आसपास पेने थांबतात, मुले एकमेकांच्या कागदात डोकावू लागतात. त्यानंतर जे येते त्यात वर्णन कमी आणि निकालच जास्त असतात. ‘मी आळशी आहे.’ ‘मला गणित जमत नाही.’ हा निकाल कोणी दिला, कधी दिला, समोर कोणते कागद होते, असे विचारले तर सोळा वर्षांच्या त्या पोराला काही सांगता येत नाही. एवढेच ठाऊक असते की आपण असे आहोत. तुझे रविवारचे वाक्य त्याच जातीचे आहे.

म्हणून आधी कागदपत्रे पाहू. बारावीला तू शाळेत पहिली आलीस. आज कॉलेजात ज्या वर्गात बसतेस, तिथली बहुतेक मुले आपापल्या शाळेत पहिली किंवा दुसरी आलेली आहेत. ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या हर्बर्ट मार्श यांनी एका सहकाऱ्यासोबत १९८४ मध्ये नेमक्या याच गोष्टीवर लिहिले. सारख्याच कुवतीची दोन मुले घेतली, एक साध्या शाळेतले आणि एक निवडक मुलांच्या शाळेतले, तर निवडक शाळेतले मूल स्वतःला अभ्यासात कमी समजते. लहान तळ्यातला मोठा मासा, असे नाव या परिणामाला मिळाले. मयेच्या तळ्याकाठी सहली काढलेल्या मुलीला ते समजावून सांगायला नको. पुढे २००३ मध्ये मार्श आणि हाऊ यांनी २६ देशांतल्या पंधरा वर्षांच्या एक लाखाहून अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हाही जवळपास सगळीकडे हेच चित्र दिसले. तेव्हा तुझ्या त्या वाक्यात तुझ्याविषयी जेवढी माहिती आहे त्याहून जास्त तुझ्या वर्गाविषयी आहे. वर्षापूर्वी तुला जेवढे येत होते त्याहून आज जास्तच येते. शेजारी बसणारी माणसे तेवढी बदलली.

विल्यम जेम्सने १८९० च्या आपल्या ग्रंथात हिशोबच मांडून ठेवला आहे. माणसाला स्वतःविषयी किती बरे वाटते हे काढायचे तर त्याच्या यशाला त्याच्या अपेक्षेने भागायचे. उदाहरण त्याने स्वतःचेच दिले. मानसशास्त्रज्ञ म्हणून त्याने सगळे पणाला लावलेले, त्यामुळे दुसऱ्या कोणाला मानसशास्त्र जास्त येते असे कळले की त्याचा जीव खाली-वर होई. ग्रीक भाषेतल्या अज्ञानात मात्र तो खुशाल लोळत असे. तुझेही असेच आहे. गोव्याची असून तुला पोहता येत नाही, त्याचे तुला काडीचे वाईट वाटत नाही.

हा ‘गोवा’ शब्द आलाच आहे तर त्यावरही बोलून घेऊ. मैत्रिणी तुला नावाने हाक मारत नाहीत, ‘ए गोवा’ म्हणतात, हे तू पहिल्या महिन्यात हसत सांगितलेस. मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. डिचोलीत तू एक दिवसही गोव्याची नव्हतीस. इथे तू बोर्डे वाड्यावरची होतीस, बाईंची मुलगी होतीस, जत्रेच्या नाटकात काम करणारी होतीस. सगळेच गोव्याचे असताना गोव्याचे कोण असणार? विल्यम मॅकगायर यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या सहावीच्या मुलांना नुसते ‘स्वतःविषयी सांगा’ असे सांगितले. मुलांनी काय सांगितले? ज्या बाबतीत आपण आजूबाजूच्यांपेक्षा वेगळे आहोत, ते. दुसरीकडे जन्मलेली मुले जन्मगावाचा उल्लेख जास्त करत, केसांचा रंग वेगळा असलेली केसांचा. म्हणजे ‘मी कोण’ याचे उत्तर खोलीत आणखी कोण बसले आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. खोली बदलली की उत्तर बदलते, आणि बदलल्याचे आपल्याला कळतही नाही.

यात वाईट काही नाही. वाईट त्यानंतर सुरू झाले. पहिल्या सत्रात तुला कोणी विचारले, समुद्र घरापासून किती लांब, तर तू सांगायचीस की आम्हाला समुद्र बघायला बस बदलून जावे लागते आणि आमच्या वाट्याला वाळूपेक्षा खाणीची तांबडी धूळ जास्त आली. दुसऱ्या सत्रात तू हे सांगणे सोडून दिलेस. लोकांना किनाऱ्यावरची मुलगी हवी होती, तू ती होऊन दिलीस. आणि परवा सबमिशन राहिले तेव्हा मला म्हणालीस, ‘आम्ही गोंयकार सुशेगाद.’ म्हणजे निवांत, कशाची घाई नसलेले. कोणते गोंयकार, बाय? तुझी आजी काजूच्या हंगामात पहाटे अंधारात बोंडू वेचायला निघायची. पपा पावसात झाड पडून रस्ता बंद झाला तर वाळपईच्या बाजूने वळसा घालून कामावर पोचतात, रजा टाकत नाहीत. आपल्या घरात सुशेगाद असे कोणी असेल तर ते मांजर. तो गोंयकार पर्यटनाच्या जाहिरातीतला आहे. तुझ्या मैत्रिणींनी तो तुझ्या अंगावर चढवला, आणि तुला तो सोयीचा निघाला, कारण त्याच्या सबमिशनला उशीर झालेला चालतो.

तुझ्या मराठीला हेल आहे म्हणून तू पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेच्या तालमीतून नाव काढून घेतलेस, तेही याच खात्यात मांडते. हेल आहेच. तो लपवायची गरज कोणाला पडावी ते मला कळत नाही. आपल्या मंगेशी या एका गावाशी नाते सांगणारी दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी ही दोन नावे मराठी नाट्यसंगीतातून काढून दाखव म्हणावे. असो. हा माझा गावचा अभिमान झाला, त्याने तुझा प्रश्न सुटत नाही.

लोकांच्या नजरेतून आपण स्वतःला पाहतो, हे तू म्हणशील की तुलाही माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत असते. चार्ल्स कूलीने १९०२ मध्ये ते लिहिले, तेव्हा त्याच्या पायऱ्या केल्या. समोरच्याला मी कशी दिसते याची कल्पना, त्यावर तो काय मत करत असेल याची कल्पना, आणि त्यातून आलेला अभिमान किंवा शरम. नीट पाहा, पहिल्या दोन्ही पायऱ्या कल्पनेच्या आहेत. १९७९ मध्ये श्राउगर आणि शोनमन यांनी तोवरचे अभ्यास एकत्र वाचले, तेव्हा हेच पुढे आले. माणसाचे स्वतःविषयीचे मत, ‘लोक मला असे समजतात’ या त्याच्या स्वतःच्या अंदाजाशी चांगले जुळते. लोकांच्या खऱ्या मताशी तितके जुळत नाही. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा, एका जुन्या गायकाचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवले. किती जणांच्या लक्षात आले असेल, असे विचारल्यावर ते म्हणाले, जवळपास निम्म्यांच्या. खरे तर चौथ्या भागाच्या आसपास लोकांनाच तो चेहरा आठवला. हे २००० साली छापून आले. तू नववीत असताना जत्रेच्या नाटकात तिसऱ्या प्रवेशात अडखळलीस आणि प्रॉम्प्टरने आवाज दिला, ते अजून तुझ्या मनात आहे ना? देवळाच्या चौकात विचारून बघ कोणाला आठवते ते. त्यांना त्या रात्री वीज गेली होती ते आठवते.

इथपर्यंत मी वर्गातही शिकवते. यापुढचे मात्र वर्गात फार कोणाला पटत नाही, आणि तुला तेच सांगायचे आहे.

आपल्याला वाटते की माणसाला स्तुती हवी असते. स्वतःला कमी लेखणाऱ्याला तर ती जास्तच हवी असणार, तहानलेला पाण्याकडे धावणारच. विल्यम स्वान यांनी टेक्सास विद्यापीठात हे तपासले. १९९२ मध्ये छापलेल्या त्यांच्या एका प्रयोगात लोकांना सांगितले गेले की दोघांनी तुमच्याविषयी मत दिले आहे, एकाचे चांगले आणि एकाचे वाईट. यांपैकी कोणाशी तुम्हाला बोलायला आवडेल? स्वतःविषयी चांगले मत असलेल्यांनी चांगले बोलणारा निवडला. स्वतःविषयी वाईट मत असलेल्यांपैकी बहुतेकांनी वाईट बोलणारा निवडला. कारण विचारले तर त्यांचे म्हणणे असे की याने मला बरोबर ओळखले आहे, याच्याशी बोलताना अवघडायला होणार नाही. त्याच वर्षी स्वान यांनी विवाहित जोडप्यांचा अभ्यासही छापला. ज्यांचे स्वतःविषयी मत वाईट होते, ते त्यांना कमी लेखणाऱ्या जोडीदाराशी जास्त घट्ट बांधलेले आढळले. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. मग ओळखीची दोन-तीन घरे डोळ्यांसमोर आली.

असे का व्हावे? स्वान यांचे म्हणणे असे की स्वतःविषयीचे मत हे माणसाला जगात वावरायला लागते. मी कोण, माझ्याशी लोक कसे वागतील, मी कुठे बसावे, काय मागावे, हे सगळे त्या मताच्या आधारावर ठरते. ते मत वाईट असले तरी निदान ओळखीचे असते. ते हलले तर पुढचे काहीच सांगता येत नाही. म्हणून माणूस ते राखतो, आणि राखण्यासाठी फार काही करावेही लागत नाही. जुळणारी माणसे जवळ करायची, जुळणारी गोष्ट लक्षात ठेवायची आणि न जुळणाऱ्या गोष्टीला ‘तो अपवाद’ म्हणायचे.

आता तुझी खोली बघू. तुझ्या शेजारच्या पलंगावरची मुलगी मला आवडते. प्रेमळ आहे, तू तापाने आजारी पडलीस तेव्हा तिने तुझी काळजी घेतली, ते मी विसरणार नाही. पण ती तुला रोज एक वाक्य ऐकवते, ‘आपल्याला कुठं टॉप करायचंय गोवा, चिल कर.’ हे ऐकून तुला बरे वाटते, असे तूच म्हणालीस. आणि ती नांदेडची मुलगी? प्रॅक्टिकलला तिचे सर्किट चालेना, तू चूक शोधून दिलीस, वर का चालत नव्हते ते समजावलेस. तेव्हापासून ती तुझ्यासोबत अभ्यासाला बसू पाहते आणि तू तिला टाळतेस. मी कारण विचारले तर तुझे उत्तर होते, ‘तिचा माझ्याविषयी गैरसमज झालाय, आई. एक दिवस कळेल तिला.’ दोन मुली, दोघींची दोन मते. एकीचे मत डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर उभे आहे, दुसरीचे सवयीवर. आणि तू साक्षीला कोणाला बोलावतेस?

आता कळले असेल, मी ‘तू हुशार आहेस’ का म्हणत नाही. माझे वाक्य तू त्या नांदेडच्या मुलीच्या वाक्यासारखेच बाजूला ठेवले असतेस. आईला काय, तिला तसेच वाटणार. शिवाय आपल्याकडे हा शब्द फार लवकर वापरला जातो. आजीने तुला पाळण्यातच हुशार ठरवून टाकले होते. म्युलर आणि ड्वेक यांचा १९९८ चा प्रयोग मी तुला कधी तरी सांगितला असेन. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना कोडी सोडवल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ असे सांगितले आणि काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असे. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेली मुले लवकर कंटाळली, पुढच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली, आणि आपले गुण दुसऱ्या मुलांना सांगताना त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते फुगवून सांगितले. हुशारीचा शिक्का एकदा बसला की प्रत्येक अवघड गणितात तो पुसला जाण्याची भीती.

आरशासमोर उभे राहून ‘मी ग्रेट आहे’ म्हणायला सांगणाऱ्या रील्स तुलाही दिसत असतील. जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असे वाक्य मनात घोळवायला लावले. ज्यांचा आत्मसन्मान आधीच कमी होता, त्यांना त्यानंतर जास्त वाईट वाटले. स्वान यांचे वाचलेल्या माणसाला याचे आश्चर्य वाटू नये. कॅलिफोर्निया राज्याने तर १९८६ मध्ये आत्मसन्मान वाढवण्यासाठी सरकारी समिती नेमली होती. २००३ मध्ये बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी सगळे संशोधन चाळून सांगितले की आत्मसन्मान वाढवल्याने गुण वाढतात, याला फारसा आधार नाही. उलट बाजूने, नीट काम झाले की आत्मसन्मान थोडा वाढतो.

सदामामाविषयी तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे, आज सलग सांगते. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, तेव्हा तू लहान होतीस. मामाचे दोन टिप्पर खाणीपासून नदीच्या धक्क्यापर्यंत खनिज वाहायचे. एकाचे कर्ज फिटलेले, दुसऱ्याचे चालू. डिचोलीत त्याला नुसते सदाबाब कोणी म्हणत नसे, ‘ट्रकवाले सदाबाब’ म्हणत. लग्नाच्या पत्रिकेवरही कोणी तरी गंमत म्हणून तसेच लिहिले होते. टिप्पर अंगणात उभे राहिले. पावसाळ्यानंतर त्यांच्या चाकांत रानवेली चढल्या. मध्ये काही काळ काम थोडे सुरू झाले, २०१८ मध्ये न्यायालयाने नूतनीकरण केलेले सगळे परवाने रद्द केले आणि ते पुन्हा थांबले. पैसा गेला हे खरेच, तो अनेकांचा गेला. पण मामाच्या वाड्यावर मी पाहिले ते दुसरेच. माणसांना आपण आता कोण, हेच कळेनासे झाले होते. सकाळी उठून चावी खिशात घालायची, सोप्यावर येऊन बसायचे आणि कोणी रस्त्याने जाताना ‘आज काय?’ असे विचारले की आत निघून जायचे. त्यांच्या शेजारच्या घरातले गृहस्थ कितीतरी महिने लग्नकार्यालाही गेले नाहीत. त्यांचे ट्रकशिवाय दुसरे काही नव्हते, म्हणजे असेल, पण त्यांनी ते कधी स्वतःत धरले नव्हते.

मामाही वाईटच अवस्थेत होता, त्याची गोष्ट गोड करून सांगत नाही. पण चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की लोक त्याला शोधत यायचे, कारण घुमट हे मातीचे वाद्य त्याच्यासारखे वाड्यावर कोणी वाजवत नाही. गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीला बांधायची रानफळे कोणत्या डोंगराच्या कोणत्या अंगाला मिळतात तेही त्याला ठाऊक. ट्रक गेल्यामुळे यातले काहीच गेले नव्हते. भजनाच्या बैठकीत तो ट्रकवाला नव्हताच कधी, तिथे तो घुमटवाला होता. तिथून हळूहळू तो पुन्हा रस्त्यावर दिसू लागला. आता तो भाड्याने गाडी चालवतो, कमाई पूर्वीसारखी नाही, पण ‘आज काय?’ला उत्तर देतो.

पॅट्रिशिया लिनव्हिल यांनी १९८७ मध्ये असे मांडले की ज्याच्या ‘मी’ची अंगे अनेक असतात आणि एकमेकांपासून बऱ्यापैकी वेगळी असतात, त्याला ताणाच्या काळात निराशा कमी घेरते, सर्दी-तापासारखी दुखणीही कमी. पुढच्या पडताळणीत निकाल इतके स्वच्छ आले नाहीत, हेही सांगायला हवे; अंगे नुसती पुष्कळ असून भागत नाही, ती धड चालतही असावी लागतात. पण मामाला पाहिल्यापासून मी या बाईंच्या बाजूची आहे. आणि म्हणून तू नाटक सोडलेस ते मला गुणांपेक्षा जास्त खटकले. अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून सोडले, असे तू पपांना सांगितलेस. वेळ मिळाला का? मला दिसते ते असे की आता तुझ्याकडे स्वतःला मोजायला गुणपत्रिका ही एकच वस्तू उरली, आणि ती नेमकी याच वर्षी कमी भरली.

करायचे काय, असे विचारशील. मी उपाय सांगणारी बाई नाही. डॅरिल बेम यांचे १९७२ मधले एक म्हणणे मात्र मला उपयोगाचे वाटते. आतली खूण पुसट असते तेव्हा आपण स्वतःलाही बाहेरच्या माणसासारखेच ओळखतो, म्हणजे आपले वागणे पाहून अंदाज बांधतो. तीन सबमिशने चुकवणाऱ्या मुलीकडे पाहून तू ठरवलेस की ही सुशेगाद आहे. दुसऱ्या कोणीही तेच ठरवले असते. याच न्यायाने, सिग्नल्स विषयाच्या ट्युटोरियलला जाऊन एक शंका विचारणारी मुलगी तुला आठवडाभर दिसली, तर तिच्याविषयीही काही मत होईलच. आधी विश्वास आणि मग कृती, असा क्रम असलाच पाहिजे असे नाही. बिनविश्वासाने गेलीस तरी चालते. आणि ते रविवारचे वाक्य एकदा कागदावर घेऊन निकालाऐवजी अहवालासारखे लिही. कोणता विषय, किती गुण, कोणते प्रकरण कळले नाही, किती दिवस वाचलेच नव्हते. ते वाक्य लांबलचक होईल आणि फोनवर टाकायला जड जाईल. होऊ दे.

‘मुळात’ ही तुझी खात्री मात्र मला जरा हसू आणते. २०१३ मध्ये क्वाइडबाख, गिल्बर्ट आणि विल्सन यांनी १८ ते ६८ वयाच्या १९,००० हून अधिक लोकांची उत्तरे घेऊन दाखवले की गेल्या दहा वर्षांत आपण खूप बदललो हे सगळे मान्य करतात, आणि पुढच्या दहा वर्षांत आपण फारसे बदलणार नाही असेही सगळ्यांना वाटते. प्रत्येक वयात. तुझ्या वयातल्यांना तर पुढे होणाऱ्या बदलाचा अंदाज फारच कमी येतो. एकोणिसाव्या वर्षी मला खात्री होती की मी शिक्षिका कधीच होणार नाही, चार माणसांसमोर माझा आवाज फुटायचा नाही. परवा मुख्याध्यापकांनी मला वर्गात जरा हळू बोलायची विनंती केली.

चवथीच्या दिवसांत गोवा एक्सप्रेसचे आरक्षण आता मिळणार नाही, बसच पाहावी लागेल. घुमटाच्या आरतीला तू असशील ना, असे सदामामाने दोनदा विचारले, मी हो सांगून ठेवले आहे. त्या नांदेडच्या मुलीने माटोळी पाहिली नसेल. तिला यायचे असेल तर आजीची खोली रिकामीच आहे, फक्त तिला आधीच सांग की इथे समुद्र नाही. तिकिटे दोन काढायची की एक, ते शुक्रवारपर्यंत कळव, म्हणजे पपा पैसे पाठवतील.

तुझी
आई